जूनचे फोन

कृषी पदविका करून बियाणे कंपनीत लागलेली पोरं दिवाळीच्या आसपास हमखास फोन करतात. "दादा, विक्रीत प्रमोशन मिळून राह्यलं. बीजोत्पादन सोडू का?" मी दोन्हीकडे काम केलंय म्हणून मला विचारतात. फोनवर माझं उत्तर अर्धवटच राहतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सगळं सांगतो.

मला पहिल्यांदा विचारणा झाली ती २०१९च्या दिवाळीनंतर. तेव्हा मी वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या बीजोत्पादनावर, म्हणजे कंपनीसाठी बियाणं पिकवून घेण्याच्या कामावर होतो. फुलोऱ्यात प्लॉटभर फिरायचं, जांभळ्या फुलांच्या जातीत पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की भेसळ नको म्हणून उपटायचं. मळणीला थ्रेशरजवळ उभं राहून ड्रमचे फेरे मिनिटाला चारशे-पाचशेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आणि पोतं वरून आदळू नये म्हणून हमालांच्या शिव्या खायच्या. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर त्याला अगदी लागून. वरून टपोरा दिसणारा दाणा आतून मेलेला असू शकतो. सहा वर्षं हेच केलं आणि सहा वर्षं फिल्ड ऑफिसरच राहिलो. वरची जागा एकच, आणि तिथे बसलेले साहेब माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठे. विक्रीत मात्र टेरिटरी मॅनेजरची जागा रिकामी झाली होती. तीन तालुके, महिन्याला साडेसहा हजार जास्त.

बाबा म्हणाले, "पैसा वाढते तं जात काहून नाई? चिखल तुडवून का भेटलं तुले?"

बाबांना सांगावं असं काही माझ्याकडे नव्हतं. जे होतं ते गोदामात होतं. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटलाच नाही. गंज्या भिजल्या, उभ्या पिकात शेंगांना कोंब फुटले. आमच्या प्लॉटचा माल आला तोही भिजून वाळलेला. मी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचो आणि गुंडाळी करून आठवडाभर ठेवायचो. उगवण किमान ७० टक्के लागते, नाहीतर ते बियाणं म्हणून विकता येत नाही. माझ्या गोणपाटात कधी ७४ निघत, कधी ७१. कागदावर पास. पण डिसेंबरात ७१ असलेला दाणा पत्र्याखाली अख्खा उन्हाळा काढून जूनमध्ये किती उरेल, याचा अंदाज मला होता. विक्रीवाल्यांना तो नव्हता.

मी नाही म्हणालो. पोरं याला प्रामाणिकपणा समजतात, म्हणून स्पष्ट सांगतो: ती भीती होती. प्रामाणिक असतो तर हे लॉट, म्हणजे त्या मालाच्या खेपा, बाजारात पाठवू नका, असं साहेबांना तोंडावर म्हणालो असतो. मी आईच्या तब्येतीचं कारण पुढे केलं. ती जागा कंपनीतल्या माझ्या जोडीदाराला मिळाली.

२०२०च्या जूनमध्ये सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींनी राज्य गाजलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तालुक्याच्या तक्रार निवारण समित्या शेताशेतात पंचनामे करत फिरत होत्या. एका सकाळी जोडीदाराचा फोन आला, "तू चाल ना लेका संगं. मले दाण्यातलं काई समजत नाई."

गेलो. एका म्हाताऱ्यानं तासातली माती बोटानं उकरली, कुजलेला दाणा तळहातावर घेतला आणि विचारलं, "सायब, दुबार पेरणीचे पैसे कोन देते?" जोडीदार माझ्याकडे बघायला लागला. मी नेहमीचे प्रश्न काढले. पाऊस किती पडला होता? किती खोल पेरलं? प्रश्न चुकीचे नव्हते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, तीन-चार सेंटिमीटरहून खोल जाऊ नये, हे आम्ही दरवर्षी सांगतो, आणि घाई केलेलेही काही होतेच. पण हे विचारताना माझ्या डोळ्यांसमोर माझं ते गोणपाट होतं, ७१वालं.

२०२२मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा मी गेलो. जाण्याआधी एकच गोष्ट मागितली: माझ्या तालुक्यांत येणाऱ्या लॉटची उगवण एप्रिलमध्ये मी स्वतः तपासणार आणि नापास निघेल तो परत पाठवणार. लेखी मागितलं, तोंडी मिळालं. आतापर्यंत दोनदा परत पाठवलं, दोन्ही वेळा टार्गेट हुकलं. उधारीच्या वसुलीत मी कच्चा आहे, कृषी केंद्रवाले चहा पाजून मला रिकाम्या हातानं वाटेला लावतात. पगार मात्र वाढला. बाबा खूश आहेत.

तेव्हा बदलू का, याचं माझं उत्तर पगारापासून सुरू होत नाही. बीजोत्पादनातल्या माणसाला फोन ऑक्टोबरात येतात, आभाळ भरून आलं की. विक्रीतल्या माणसाला ते जूनमध्ये येतात. तोवर त्या बॅगेत जे काही व्हायचं ते दुसऱ्या कोणाच्या थ्रेशरवर होऊन गेलेलं असतं, आणि समोरच्याचा हंगाम हातचा गेलेला असतो. जे तुम्ही पिकवलं नाही त्याचं उत्तर द्यायला तुम्ही तयार आहात का? आणि विकायच्या आधी ते उघडून बघायची मुभा मिळणार आहे का? मुभा नसेल तर साडेसहा हजार कमीच पडतात.

मागच्या आठवड्यात रिसोडकडच्या एका पोरानं हेच विचारलं. मी म्हटलं, येत्या हंगामात जे लॉट विकायला तुला देणार आहेत, त्यांची उगवण किती? "लॅबचा रिपोर्ट यायचा आहे, दादा." मग गोदामात जा, शंभर दाणे मोजून घे, गोणपाटात गुंडाळ, आठवड्यानं उघड आणि मग मला फोन कर.

आठवडा काल संपला. फोन अजून नाही.