सॅम ब्राऊन, अपडेट ५: पट्टा लागला, पट्टा निघाला आणि सोबत हातपण

मंडळी, ज्याच्या नावाने अधिकाऱ्यांचा तिरका चामडी पट्टा ओळखला जातो त्या ब्रिटिश अधिकारी सॅम ब्राऊनचं छोटं मॉडेल मी करतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं की पुढचं अपडेट थेट वॉश (पातळ रंगाचा शेवटचा हात) आणि वार्निशचं असेल, ते विसरा, आपण परत पुटीवर, म्हणजे घडणीवर आलोय.

आधी चांगलं सांगतो. पट्टा जमला! ७५ मिमीची फिगर म्हणजे साधारण चोविसाव्या भागाचं माप, खऱ्या पट्ट्याची रुंदी सव्वादोन इंच धरली तर आपल्याला जेमतेम २.४ मिमीची पट्टी लागते आणि खांद्यावरून जाणारी त्याहून अरुंद. गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल वळवली की तडकते, दह्याच्या डब्याचं झाकण फार पातळ, शेवटी मलमाची रिकामी ट्यूब उभी चिरली, धुतली, मेणबत्तीवर हलकी तापवून मऊ केली आणि स्टीलच्या पट्टीला धरून नव्या ब्लेडने कापली. जी काय बसलीये खांद्यावर, अगदी चामड्यासारखी! डी-रिंगसाठी (पट्ट्यावरच्या इंग्रजी D आकाराच्या कड्या) फ्यूजची तार दाभणावर गुंडाळून एकेक वेढा कापला. चौदा केल्या, सहा फरशीवर गेल्या त्या गेल्याच. यासाठी फोटो-एच सेट (पातळ पत्र्यातून कोरलेले तयार सुटे भाग) मागवू नका, एका ऑनलाइन दुकानाने मला दीड महिना थांबवून भलत्याच मापाच्या बकल्स पाठवल्या होत्या, त्यापेक्षा फ्यूजची तार बरी.

तर असा सगळा साज चढवून, सुपरग्लूने पक्का करून फिगर टेबलावर ठेवली आणि बाबांना बोलावलं. बाबा पोलिसात होते, त्यांचा क्रॉस बेल्ट अजून कपाटात आहे, माझा रेफरन्स तोच. दोन मिनिटं चष्मा वरखाली करून बघितलं आणि म्हणाले, "छान आहे रे. पण हा पट्टा ह्याने हात गेल्यावर शोधून काढला ना? मग हा डावा हात कुणाचा?"

मी गप्प.

म्हणजे बघा, मी करत होतो ३१ ऑगस्ट १८५८ चा सीन. पिलीभीतकडचं सीरपुरा, पहाटेची वेळ, दुसऱ्या पंजाब कॅव्हलरीचा कमांडंट कॅप्टन ब्राऊन एकच ऑर्डर्ली स्वार घेऊन नऊ पौंडी तोफेवर तुटून पडतो, कारण ती परत भरली गेली असती तर मागून येणारं पायदळ भाजून निघालं असतं. त्या झटापटीत डाव्या गुडघ्यावर एक वार आणि दुसऱ्या वाराने डावा हात खांद्यापासून गेला. यासाठीच व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. आणि पट्ट्याची जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती यानंतरची: तेव्हा तलवार कमरेला दोन चामड्याच्या वाद्यांवर लोंबायची, उपसताना म्यान डाव्या हाताने धरावं लागायचं, आता तो हातच नाही, म्हणून म्यान कमरेला घट्ट बसवायचं आणि उजव्या खांद्यावरून तिरका पट्टा घेऊन वजन तोलायचं. तर मी डाव्या हातात लगाम धरलेल्या धडधाकट माणसाला हा पट्टा घातला होता. तीन आठवडे! आणि तुमच्यापैकीही कोणी बोललं नाही, चार वेळा फोटो टाकलेत मी.

म्हटलं पट्टा काढू. सुपरग्लू थंडीने ठिसूळ होतो, त्यामुळे फिगर डब्यात घालून रात्रभर फ्रीझरमध्ये. (सकाळी आईला मटारच्या पिशवीमागे तलवार उपसलेला साहेब सापडला, ते संभाषण इथे देत नाही.) बाहेर काढून ब्लेडच्या टोकाने हलकं उचकटलं, पट्टा अख्खा निघाला, एक डी-रिंग सुद्धा हलली नाही, मी खूश, आणि तेवढ्यात टक् आवाज आला आणि डावा हात टेबलावर. बरोब्बर खांद्यापासून.

पाच मिनिटं डोक्याला हात लावून बसलो आणि मग लक्षात आलं की काम सोपं झालंय. हा माणूस आता १८५८ चा नाहीच, हा १८७८ चा! जन्म १८२४, बराकपूरचा, सुरुवात बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीतून, पंजाबातल्या चिलियनवाला आणि गुजरात गावांजवळच्या लढाया तरुणपणीच बघितलेल्या आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये अफगाण युद्धात खैबर खिंडीतल्या अली मशीद किल्ल्यासमोर पेशावर व्हॅली फील्ड फोर्सचा सेनापती, वय ५४. खाकी कोट आहे तोच चालेल. घोडा रद्द, पायउतार करायचा. दाढी पिकवायची, पण ड्रायब्रशने (जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून) नको, पीठ सांडल्यासारखं दिसतं, ऑइल रंगाने करतो. रिकामी बाही एम-सीलची, दोन चुण्या देऊन. आणि पट्टा परत त्याच खांद्यावर, आता हक्काने.

आणि सीरपुऱ्याचं काय? तो सीन सोडवत नाही, पण लिहितालिहिता वाटायला लागलंय की त्यात ब्राऊन मधोमध नकोच. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात ब्राऊन आहे, समोरचा म्होरक्या खान अली खान आहे, पण तो ऑर्डर्ली स्वार नुसताच 'एक स्वार', आणि तोफ भरायला धडपडणारे, साहेबाचा हात उडवणारे गोलंदाज सगळे बिननावाचे. आपण सत्तावनवाल्यांच्या बाजूने बोलतो आणि मॉडेल मात्र साहेबांचे रंगवतो. तर तोफ, दोन गोलंदाज, एकाच्या हातात बार ठासायचा गज, मागे धुरात स्वार. घोडा तिथे वापरेन, म्हणजे तोही वाया नाही. नऊ पौंडीची चाकं कोणी स्क्रॅचबिल्ड, म्हणजे घरीच मुळापासून, केली असतील तर आरे कशाचे केले तेवढं सांगा, माझे बांबूच्या स्क्यूअरचे जाड दिसतायत.

बाबांची नवी तक्रार: डी-रिंगा चंदेरी दिसतात, पितळेच्या पाहिजेत आणि ब्रासो मारल्यासारख्या चकाकल्या पाहिजेत. रंगवतो म्हटलं तर नाही म्हणाले. शनिवारी बोहरी आळीत पितळेची बारीक तार बघायला जातोय, तेही येणारेत.