अप्रीशिएट म्हणजे भाव देणं

नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग लागला की खरेदीदार दोन-चार फळं उचलतो, साल दाबून बघतो, आकार बघतो आणि मगच बोली लावतो. 'अप्रीशिएट' या इंग्रजी शब्दाच्या पोटात हेच दडलंय. लॅटिनमध्ये 'प्रेटियम' म्हणजे किंमत. त्याला 'अ‍ॅड' हा उपसर्ग लागून 'अप्रेटियारे' झालं, म्हणजे किंमत ठरवणं. तिथूनच तो इंग्रजीत आला. प्राइस, प्रेशस, प्रेझ ही त्याचीच भावंडं. सीएच्या ऑफिसातला घसारा, म्हणजे डिप्रीशिएशन, तोही याच घरचा.

आपल्याकडेही 'तो मला भावच देत नाही' असं म्हणतातच की! किंमत आणि मान एकाच शब्दात. म्हणून अप्रीशिएटला सरसकट 'कौतुक' म्हणणं मला पटत नाही. कौतुकाचा मूळ अर्थ नवल, कुतूहल. लेकराचं कौतुक काही न पारखताही होतं. 'कदर' जास्त जवळचा. अरबी 'कद्र' म्हणजे माप, मोल. कदर करायची तर आधी समोरच्याचं काम नीट बघावं लागतं. 'छान झालं' म्हणणं म्हणजे ढिगाकडे न बघता बोली लावणं. 'तिसऱ्या पानावरची बेरीज तुम्ही पुन्हा तपासली, म्हणून चूक सापडली' ही कदर.

आता ऑफिसच्या ईमेलमधल्या चुका. 'आय वुड अप्रीशिएट इफ यू रिप्लाय' यात 'इट' गळतं. या अर्थाने अप्रीशिएट सकर्मक आहे, त्याला कर्म लागतंच आणि 'इफ'चं वाक्य कर्माची जागा घेत नाही. म्हणून 'आय वुड अप्रीशिएट इट इफ यू रिप्लाइड'. दुसरी चूक 'अप्रीशिएट टू हिअर'. इथे 'टू' चालत नाही, 'अप्रीशिएट हिअरिंग' लिहा.

सगळ्यात जास्त घोळ 'आय अप्रीशिएट दॅट यू आर बिझी, बट' यात होतो. वाचणाऱ्याला वाटतं, साहेब खूश आहेत. पण इथे अप्रीशिएट म्हणजे 'मला कल्पना आहे', आणि खरा मुद्दा 'बट'च्या पुढे असतो. उत्तर त्या मुद्द्यालाच द्या, आभार मानून थांबू नका.