तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं आधीच ठरलेलं असतं, तर एवढी आकडेमोड कशाला?

सरकारी प्रकल्पांचे आर्थिक अहवाल करणं हे माझं काम आहे असं कळलं, की लग्नाच्या पंगतीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत एकच प्रश्न येतो: "धरण करायचं हे मंत्रालयात आधीच ठरलेलं असतं. मग तुम्ही एवढे जाडजूड खंड कशासाठी लिहिता?" उत्तराला वेळ लागतो, म्हणून ते इथे लिहितो.

पहिली गोष्ट, निर्णय राजकीय असतो याबद्दल माझी तक्रार नाही. कोणत्या खोऱ्याला आधी पाणी द्यायचं, हे निवडून आलेल्या माणसांनीच ठरवावं. पण 'करायचं' असं ठरल्यावरही बरंच काही ठरायचं राहतं. केवढं करायचं, कशाऐवजी करायचं आणि मुख्य म्हणजे पाणी शेतात कधी पोचवायचं. माझा सगळा जीव या शेवटच्या प्रश्नात आहे.

वैनगंगेवरचा गोसीखुर्द धरण प्रकल्प घ्या. १९८३ साली पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती ३७२ कोटी. भूमिपूजन झालं १९८८ साली, राजीव गांधींच्या हस्ते. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. २०१६ च्या सुधारित मान्यतेत आकडा १८,४९४ कोटींवर गेला होता आणि काम तेव्हाही संपलं नव्हतं. सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचं. किंमत वाढली त्यात महागाई आहे, भूसंपादनाचे चढते दर आहेत, पुनर्वसन आहे, कामातले बदलही आहेत. लोक हा १८,४९४ कोटींचा आकडा बघून हादरतात. मला त्याहून जास्त लागतो तो मधला काळ. ज्या शेतकऱ्याने तरुणपणी भूमिपूजनाची बातमी ऐकली, त्याची नातवंडं आता कालव्याची वाट बघतात, आणि या वाट बघण्याची किंमत आपल्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

का दिसत नाही, ते सांगतो. सिंचन प्रकल्प पात्र ठरतो तो लाभव्यय गुणोत्तरावर. सर्वसाधारण भागात ते दीड लागतं, अवर्षणप्रवण भागात एक चालतं. मोजायची रीत अशी: प्रकल्पाच्या भांडवली खर्चावर वर्षाला दहा टक्के व्याज, एक टक्का घसारा आणि वर देखभाल दुरुस्ती. हा झाला वार्षिक खर्च. पाणी आल्यावर लाभक्षेत्रातल्या, म्हणजे प्रकल्पाचं पाणी पोचणाऱ्या जमिनीवरच्या, पिकांचं निव्वळ उत्पन्न जेवढं वाढेल तो वार्षिक लाभ. लाभाला खर्चाने भागायचं. समजा, शंभर कोटींचा प्रकल्प आहे. व्याज दहा कोटी, घसारा एक, देखभाल एक, मिळून बारा. लाभ अठरा कोटी. भागाकार दीड. प्रकल्प पास.

आता या गणितात वर्षं शोधा. सापडणार नाहीत. काम पाच वर्षांत होवो की वीस वर्षांत, उत्तर दीडच येतं.

तोच प्रकल्प दहा टक्के दराने वर्षागणिक मांडून बघा, म्हणजे उद्याच्या रुपयाला आजच्या रुपयापेक्षा कमी मोल देऊन. दरवर्षी सारखा खर्च, काम पुरं झाल्यावरच पाणी, एवढं धरू. पाच वर्षांत संपला तर गुणोत्तर येतं सुमारे १.४. वीस वर्षं लागली तर ०.६ च्या आसपास. किंमत एका रुपयाने न वाढवता! म्हणजे चांगला प्रकल्प निव्वळ रेंगाळल्याने तोट्यात जातो. शेकडो प्रकल्प एकदम सुरू करून प्रत्येकाला थोडी थोडी तरतूद देण्याची जी आपली सवय आहे, तिचं खरं नुकसान या दोन आकड्यांतल्या फरकात आहे. म्हणून माझ्या प्रत्येक अहवालात मी वर्षवार निधीचं कोष्टक घालतो आणि खाली लिहितो की हा निधी या क्रमाने मिळाला नाही तर वरचं गुणोत्तर लागू नाही. ते वाक्य काढा असं मला बऱ्याचदा सांगितलं गेलंय. मी ते ठेवतो.

'कधी' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला पूर्व विदर्भातल्या एका बैठकीत कळला. गावच्या समाजमंदिरात आम्ही लाभक्षेत्राचा नकाशा पसरला होता. किती दशलक्ष घनमीटर पाणी, किती विश्वासार्हता (म्हणजे दर शंभर वर्षांत किती वर्षं ते मिळेल), सगळं सांगून झालं. मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "सायेब, पानी भेटन म्हन्ता, पन कोन्त्या महिन्यात?" त्यांचं धान हलकं नव्हतं, भारी होतं, उशिरा निसवणारं. पाऊस सप्टेंबरअखेर हात आखडता घेतो आणि नेमका तेव्हा दाणा भरायचा असतो. ऑक्टोबरात एक पाणी चुकलं की लोंब्या पोचट. आमच्या तक्त्यात खरिपाचं पाणी एकगठ्ठा लिहिलेलं होतं. त्या प्रश्नानंतर आम्ही खरिपाची पाण्याची गरज पंधरवड्यानुसार मांडली, आणि एका शाखा कालव्याची वहनक्षमता ऑक्टोबरच्या मागणीला पुरत नाही हे तिथेच उघड झालं. ते कागदावर सापडलं हे बरं झालं. खोदून झाल्यावर सापडलं असतं तर दुरुस्तीला आणखी एक सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, लागली असती.

त्याच बाईंच्या गावाला एक मामा तलाव होता, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो आहेत. धानाच्या त्या शेवटच्या पाण्यासाठीच बांधलेले, आता गाळाने भरलेले. मोठा कालवा हवा की नको हा वाद बाजूला ठेवा. पण कालवा पोचेपर्यंतच्या वर्षांत गाळ काढून आणि पाळ दुरुस्त करून किती एकर धान वाचेल, हा हिशेब अहवालात असायलाच हवा. पर्यायांचं प्रकरण बहुतेक ठिकाणी दीड पानात गुंडाळतात: पर्याय एक, काही न करणे, पर्याय दोन, आमचा प्रस्ताव. हा मला वाचणाऱ्याचा अपमान वाटतो.

आणि हो, 'रेशो बसवून द्या' (म्हणजे हेच लाभव्यय गुणोत्तर) असं सांगणारी माणसं भेटतात. एका कार्यालयात तर पीकरचनेत, म्हणजे कोणतं पीक किती क्षेत्रावर येईल या तक्त्यात, उसाचे टक्के वाढवून द्यायला सांगितलं होतं, कारण उसाने लाभ फुगतो. ऊस लिहिला की पाणीही उसाचंच लिहावं लागतं आणि मग लाभक्षेत्र आक्रसतं, हे मी दाखवलं. त्यावर चर्चा थांबली. आकडे उघड मांडलेले असले की ते एकमेकांना धरून ठेवतात.

शहरी प्रकल्पांत थोडी सुधारणा दिसते. २०१७ च्या मेट्रो धोरणाने पर्यायांचा अभ्यास सक्तीचा केला आणि आठ टक्के वित्तीय (प्रकल्पाच्या स्वतःच्या कमाईतल्या) परताव्याच्या जागी चौदा टक्के आर्थिक परताव्याची अट आणली, म्हणजे प्रवाशांचा वाचलेला वेळही लाभात धरला. ब्रिटनचं अर्थखातं आणखी पुढे जातं. प्रस्ताव मांडणारा नेहमी आशावादी असतो असं गृहीत धरून ते साध्या स्थापत्य कामाच्या अंदाजावर ४४ टक्क्यांपर्यंत, तर अवघड कामाच्या अंदाजावर ६६ टक्क्यांपर्यंत वाढ आधीच चढवायला सांगतात. हे आपणही करावं असं मला मनापासून वाटतं.

पण त्याहून मोठं काम आपल्याकडेच एकदा होऊन गेलंय. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली आणि प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ किती झाले ते १९४८ मध्ये छापलं. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ चं. म्हणजे पाणी वाहू लागून बरीच वर्षं झाल्यावर जाऊन मोजलं. हेच गाडगीळ पुढे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले आणि १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ज्या कालव्याचा हिशेब केला, त्याच कालव्याच्या काठी संस्था उभी करायला त्यांनी हातभार लावला. पुरा झालेला प्रत्येक मोठा प्रकल्प असा दहा वर्षांनी मोजला, तर पुढच्या अहवालात उसाचे टक्के वाढवायला कोणी सांगणार नाही. सांगितलं, तर मागचं पुस्तक समोर ठेवता येईल.

तुमच्या भागातला एखादा प्रकल्प तपासायचा असेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. पण गोषवारा मागू नका. लाभव्यय गुणोत्तराचं परिशिष्ट, पीकरचनेचा तक्ता आणि वर्षवार खर्चाचं कोष्टक अशी नावं घालून मागा, आणि पहिल्या मान्यतेच्या वेळचं आणि शेवटच्या सुप्रमाच्या वेळचं असं दोन्ही मागा. दोन्हींत लाभक्षेत्र तेच आहे का, आणि मधल्या काळात शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने खोदलेल्या विहिरींचं उत्पन्नही कालव्याच्या खात्यावर जमा झालंय का, एवढं आधी बघा.