चार्ल्स्टनची नीळ: पिंकनी घराण्याच्या मळ्यांवरून

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनला जाणारा माणूस रंगीत घरं आणि ओकची झाडं बघतो. मी मात्र नीळ शोधत फिरलो. या शहराच्या श्रीमंतीत तांदळाखालोखाल नीळच आहे, आणि दोन्हींमागे गुलामांची मेहनत.

अ‍ॅशली नदी ओलांडली की वॅपू खाडी लागते. आता तिथे बंगल्यांच्या वसाहती आहेत. याच काठावर जॉर्ज लुकस या इंग्रज अधिकाऱ्याचा 600 एकरांचा मळा होता. 1738 मध्ये तो कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटाहून कुटुंबासह इथे आला, पण युद्धाच्या धामधुमीत पुढच्याच वर्षी त्याला परतावं लागलं. त्याची सोळा वर्षांची मुलगी एलायझा हिच्याकडे तीन मळ्यांचा कारभार आला. त्याच 1739 च्या सप्टेंबरात जवळच्या स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ते चिरडल्यावर 1740 च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणंही गुन्हा ठरलं. एलायझाचे नीळ पिकवण्याचे प्रयोग चालले ते या दहशतीच्या छायेत.

वडिलांनी पाठवलेलं बियाणं पेरलं, तर पहिलं पीक थंडीच्या कडाक्याने गेलं. मग कॅरिबियनमधल्याच माँटसेराट बेटाहून निकोलस क्रॉमवेल हा कारागीर आणला. त्याने चुन्याची निवळी जास्त ओतून माल बिघडवला. आपल्या बेटाच्या व्यापाराला धक्का नको म्हणून त्याने हे मुद्दाम केलं, असं एलायझाचं मत होतं. 1744 मध्ये वॅपूवर 17 पौंड नीळ निघाली. त्याच वर्षी तिचं चार्ल्स पिंकनीशी लग्न झालं आणि बियाणं शेजारच्या मळेवाल्यांना वाटलं गेलं.

गूस क्रीक भागात ऑट्रँटो मळ्याचे विटांचे हौद मूळ जागेवरून हलवून जतन केले आहेत. नीळ कशी व्हायची ते या जोडहौदांवरूनच नीट कळतं. पीक फुलावर येताना कापायचं आणि लगेच वरच्या हौदात पाण्याखाली दाबायचं. पाणी आंबून फेस आला की ते खालच्या हौदात सोडायचं. किती तास, ते हवेतल्या उष्म्यावर ठरे. कमी भिजलं तर रंग पुरता उतरत नाही, जास्त झालं तर पाला कुजून माल काळपट होतो. खालच्या हौदात ते हिरवट पाणी तासन् तास घुसळायचं, म्हणजे हवा लागून ते निळं होतं. मग चुन्याची निवळी घातली की गाळ तळाला बसतो. कमी पडली तर गाळ बसत नाही, जास्त झाली तर नीळ करडी आणि कडक होते. गाळ कापडी पिशव्यांत टांगून निथळायचा, दाबायचा, वड्या पाडून सावलीत सुकवायच्या. उन्हात त्या तडकतात. घुसळणं थांबवायचा क्षण नजरेने ओळखावा लागे, आणि ती नजर रोज हौदापाशी राबणाऱ्या आफ्रिकी माणसांची होती. कुजका वास आणि माशा इतक्या, की हौद मालकाच्या घरापासून लांबच बांधत. पिंकनींकडे हे हौद बांधणाऱ्यांत क्वॉश हा गुलाम सुतार होता. त्याचं नाव एलायझाइतकं घेतलं जात नाही, हे मला खटकतं.

नीळ उंचवट्यावर होते आणि भात दलदलीत, म्हणून मळेवाल्यांना दोन्ही पिकं घेता येत. युद्धामुळे जहाजभाडं वाढलं असताना नीळ वजनाला हलकी आणि किमतीला भारी पडे. 1748 मध्ये ब्रिटिश संसदेने पौंडामागे सहा पेन्स अनुदान दिलं. 1770 च्या दशकात निर्यात वर्षाला दहा लाख पौंड वजनाच्या पुढे गेली. त्या पैशावर घराणं इतकं वर चढलं, की 1787 च्या अमेरिकी संविधानावर दोन पिंकनींच्या सह्या आहेत: एलायझाचा मुलगा चार्ल्स कोट्सवर्थ आणि त्याचा चुलतपुतण्या चार्ल्स. स्वातंत्र्यानंतर अनुदान संपलं, ईस्ट इंडिया कंपनीने बंगालात नीळ वाढवली आणि इथल्या मळ्यांनी कापसाकडे मोर्चा वळवला. बंगालातून ही गोष्ट पुढे चंपारणपर्यंत जाते.

माउंट प्लेझंटचं स्नी फार्म चार्ल्स या चुलतपुतण्याचं. 715 एकरांतले 28 उरले आहेत, प्रवेश विनामूल्य. घर मात्र पिंकनींच्या काळातलं नाही, 1828 च्या सुमाराचं आहे. एलायझाची लेक हॅरियटचं सासर, हॅम्प्टन मळा, उत्तरेला सुमारे 65 किलोमीटरवर. तिथे जायला स्वतःची गाडी हवी. मार्च-एप्रिल किंवा नोव्हेंबर गाठा, उन्हाळ्यात डास उभं राहू देत नाहीत. सुरुवात मात्र शहरातल्या गॅड्सडेन धक्क्यावरच्या आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयापासून करा. गुलामांनी भरलेली जहाजं याच धक्क्याला लागत. इथून मळ्यांकडे गेलात तर बागा बघताना त्या कोणाच्या हातांनी उभ्या राहिल्या, हे आधीच ठाऊक असेल.