पेठेतलं म्हातारपण पेठेतच: आमची वाटचाल

आमच्या फर्मची सुरुवात कौलांपासून झाली. मालवणात भरडापासून मेढ्यापर्यंत जुन्या घरांची शाकारणी, वाळवीने खाल्लेले वासे बदलणे, ओल धरलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती दुरुस्त करणे, एवढीच कामं आम्ही घ्यायचो. घरोघरी चित्र एकच. घर मोठं, माजघर रिकामं, राहणारं माणूस एक आणि तेही सत्तरीच्या पुढचं. संडास मागे परसात. जून ते सप्टेंबर, शेवाळलेल्या पायवाटेवरून तिथे जाणं हाच त्या माणसाचा दिवसातला सगळ्यात मोठा धोका.

मुलं म्हणायची, गावाबाहेर सड्यावर (उघड्या कातळपठारावर) नव्या इमारती होतायत, तिथे ब्लॉक घेऊ. एका आजींनी आमच्यादेखत उत्तर दिलं, "थय माका कोण वळखतलो? हय बाजारात गेलय तर चार माणसा इचारतत." तेव्हापासून आम्ही ठरवलं की पेठेतल्या माणसाला म्हातारपणी पेठेतच घर मिळालं पाहिजे. बाजार, बँक, एसटी स्टँड, देऊळ पायी गाठता येतं, ते सोडून रिक्षाच्या भाड्यावर जगायला लावणं आम्हाला पटत नाही.

अडचण पैशाची होती. मुंबईतल्या १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटलेले कितीतरी जण आता गावी परतले आहेत. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्या माणसाला ब्लॉक विकत घे म्हणणं व्यर्थ. शिवाय पर्यटन वाढल्यापासून पेठेतली खोली रात्रीच्या भाड्यावर देणं मालकाला जास्त परवडतं. जागा विकत घेऊन स्वस्त घर बांधणं आम्हाला शक्यच नव्हतं.

मग आम्ही सामाईक घरांकडे वळलो. ज्या घराला दहा हिस्सेदार, ते घर विकलंही जात नाही आणि दुरुस्तही होत नाही. आम्ही मालकांना सांगतो: विकू नका, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या. दुरुस्ती आमची, खोल्या आम्ही पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांना भाड्याने देऊ, मुदत संपली की धड घर तुमच्या ताब्यात. जमिनीची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून राहणाऱ्याचं भाडं आटोक्यात राहतं. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो, आणि सह्या सगळ्यांच्या लागतात. सगळे हिस्सेदार एकत्र सापडतात ते गणेशचतुर्थीला. त्यामुळे आमच्या बैठका आरती झाल्यावर ओटीवर होतात. पहिला प्रश्न ठरलेला: आमच्या गणपतीचं काय? म्हणून प्रत्येक पट्ट्यात गणपतीची खोली आणि ओटी कुटुंबाकडेच ठेवतो. चतुर्थीत चाकरमानी येतात, राहणारे आजी-आजोबा त्यांच्या पंगतीला बसतात. हे कलम नसतं तर एकही सही झाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

आराखड्यात खरी कसोटी जोत्याची. पावसासाठी जोतं उंच बांधलेलं, ते फोडायचं नाही. उताराचं प्रमाण १:१२ धरलं तर ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो, वर आणि खाली चाकाची खुर्ची वळवायला जागा वेगळी. गल्लीत तो मावत नाही. आम्ही तो खळ्यातून (घरापुढच्या अंगणातून) बाजूच्या भिंतीलगत नेतो, वर पत्र्याचं छप्पर घालतो आणि आत जायला नवा ९० सेंटिमीटरचा दरवाजा काढतो. पुढचा दोन फळ्यांचा जुना दरवाजा आणि उंबरठा तसाच राहतो.

माजघराच्या दोन बाजूंना खोल्या, प्रत्येकीला आतच न्हाणीघर आणि संडास. पण न्हाणीघर जुन्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवत नाही. जांभा पाणी शोषतो. मध्ये थोडी पोकळी सोडून नवी हलकी भिंत घालतो. जुन्या भिंतीला गिलावा चुन्याचाच, कारण सिमेंट ओल आत कोंडतं. फरशी खरखरीत, हाताला धरायला जस्ताचा मुलामा दिलेले पाइप. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. स्वयंपाकघर सामाईक, पण चूल ज्याची त्याची. जेवण एकाच पातेल्यातलं असावं, हा आग्रह धरायचा नाही. मासे कोणाकडे, शाकाहारी कोणाकडे.

माडीवर म्हातारी माणसं ठेवत नाही. जिना खडा, आणि लिफ्टचा खर्च भाड्यात बसत नाही. तिथे नोकरीनिमित्त आलेल्या नर्स, शिक्षिका राहतात, पूर्ण भाडं देतात. त्या भाड्यावर खालच्या मजल्याची देखभाल भागते आणि रात्री हाक मारली तर वर कोणीतरी असतं.

सध्या मेढ्यातल्या एका घराचं काम चालू आहे. आढ्याला ऐनाचं लाकूड मिळालंय, फणसाचे दोन खांब जुनेच वापरतोय. मृगाआधी कौलं चढली की सुतार मोकळे होतील, मग न्हाणीघरं आणि रॅम्प.