किन्शिचो, जिथे गोळीबार होत नाही

टोक्योला पहिल्यांदा जाणारी माणसं किन्शिचोला जात नाहीत. शिबुया, आसाकुसा, फार तर फुजीची एक सहल. किन्शिचो म्हणजे शहराच्या पूर्वेला, सुमिदा वॉर्डातलं एक गजबजलेलं स्टेशन. आसपास घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचं अधिकृत केंद्र, उशिरापर्यंत चालणारे बार, मॉल आणि या सगळ्याच्या शेजारी चक्क पाश्चात्त्य संगीताचं एक भारदस्त सभागृह. मला जायचं होतं ते तिथेच, कारण 'लायकोरिस रिकॉइल' या जपानी ॲनिमेशन मालिकेतलं कॅफे याच बाजूला आहे. म्हणजे नाहीच आहे, पण असतं तर इथेच असतं.

ज्यांनी ही ॲनिमे पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2022च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये आलेली 13 भागांची मालिका. स्टुडिओ ए-वन पिक्चर्स. दिग्दर्शक शिंगो आदाची, जे तोवर पात्ररेखाटनासाठी ओळखले जात आणि दिग्दर्शक म्हणून ही त्यांची पहिलीच मालिका. गोष्ट कुठल्या मांगावरून, म्हणजे जपानी कॉमिक्सवरून, घेतलेली नाही. लायकोरिस म्हणजे गुप्त संघटनेने वाढवलेल्या अनाथ मुली. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर आणि दप्तरात पिस्तूल. गुन्हा व्हायच्या आधीच गुन्हेगार उडवायचा आणि लोकांना कळू द्यायचं नाही. त्यामुळे टोक्यो शांत, जपानी माणूस निर्धास्त. गणवेश अशासाठी, की गर्दीत शाळकरी मुलीकडे कोणी वळून बघत नाही.

यातली सगळ्यात पटाईत चिसातो. ती एका छोट्या कॅफेत किमोनो घालून डांगो (तांदळाच्या पिठाचे गोड गोळे) आणि कॉफी देते, गिऱ्हाइकांबरोबर बोर्ड गेम खेळते, आणि कोणाला ठार मारत नाही. तिच्या गोळ्या रबराच्या. हुकूम मोडून मशीनगन चालवल्याबद्दल ताकिना या दुसऱ्या लायकोरिसची बदली या कॅफेत होते आणि मालिका सुरू होते.

मी उतरले होते दादाकडे, निशी-कासाईला. तिकडे इतके भारतीय राहतात की स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तर कोणीतरी मराठीत फोनवर भांडताना हमखास ऐकू येतं. निशी-कासाईहून तोझाई लाईनने ओतेमाची, तिथे बदलून हान्झोमोन लाईनने किन्शिचो. वहिनी म्हणाली, "तिकडे काय आहे गं बघण्यासारखं? त्यापेक्षा कामाकुराला जा." मी काय सांगणार? जपानमध्ये ॲनिमेतल्या जागा शोधत फिरणाऱ्यांची एक मोठी जमात आहे, आणि ते लोक त्याला सरळ तीर्थयात्राच म्हणतात. वहिनीसमोर तो शब्द वापरायची माझी हिंमत झाली नाही.

स्टेशनच्या उत्तरेला किन्शी पार्क. मधोमध कारंजं, बाजूला क्रीडासंकुल, बाकांवर डबा खाणारे ऑफिसवाले, आणि सगळ्यांच्या डोक्यावर स्कायट्रीचा मनोरा. मालिकेतल्या दुपारी अशाच असतात: ऊन, सायकली, कोणालाच कसली घाई नाही. पहिला भाग नेमका असल्या सकाळीच उघडतो. आपलं शहर किती सुरक्षित आहे याचं गोड आवाजात कौतुक चालू असतं आणि पडद्यावर माणसं गुपचूप नाहीशी होत असतात.

या बागेची खरी गोष्ट त्याहून जड आहे. 1923च्या भूकंपानंतर शहर नव्याने उभारताना ही बाग झाली. 9-10 मार्च 1945च्या रात्री अमेरिकी विमानांनी पूर्व टोक्यो जाळलं, सुमारे एक लाख माणसं गेली, आणि त्यांतल्या हजारोंचे मृतदेह तात्पुरते याच जमिनीत पुरले होते. मला हे आधीपासून माहीत होतं, तरी कारंज्यापाशी नाचणाऱ्या बालवाडीच्या पोरांकडे बघताना ते आठवायला नको होतं. मालिकेत याचा उल्लेख नाही. पण 'शांतता म्हणजे नीट झाकलेली गोष्ट' ही तिची मूळ कल्पना बाकी कुठल्याही चकचकीत भागापेक्षा इथे जास्त पटते.

तिथून ओशिआगेपर्यंत मेट्रोने एकच स्टेशन आहे, पण चालत जावं. ओयोकोगावा नावाचा जुना कालवा बुजवून त्यावर लांबलचक बाग केली आहे, तिच्यातून सावलीत थेट स्कायट्रीच्या पायाशी पोचता येतं. सप्टेंबरचा शेवट होता आणि एका कडेला हिगानबाना फुललेलं दिसलं. लाल, बिनपानांचं, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांचं फूल. त्याचा कंद विषारी, म्हणून जपानी शेतकरी ते बांधावर आणि स्मशानाच्या कडेने लावत, उंदीर-चिचुंद्र्या फिरकू नयेत म्हणून. शास्त्रीय नाव लायकोरिस. दिसायला देखणं आणि राखणीला ठेवलेलं विष: या मुलींना हे नाव देणाऱ्याला शंभर गुण.

स्कायट्री 634 मीटर उंच आहे, 2012 साली खुली झाली. मालिकेत तिच्यासारखाच दिसणारा मनोरा अर्धा मोडलेला आहे. दहा वर्षांपूर्वीच्या दहशतवादी हल्ल्यात तो पडला आणि शांततेचं स्मारक म्हणून तसाच ठेवला, अशी कथा. धडधाकट मनोऱ्याखाली उभं राहून तो मोडलेला कल्पायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बाजूच्या आइस्क्रीमच्या रांगेत फार आवाज होता.

वर गेले नाही. तिकिटाचे पैसे खालच्या सुमिदा मत्स्यालयावर खर्च केले आणि ते वसूल झाले. चौथ्या भागात चिसातो ताकिनाला इथे घेऊन येते. गप्पांत ताकिना चिसातोला तिच्याबद्दल विचारते, तिला उत्तर मिळतं, आणि मग ती कमालीची गंभीर ताकिना एकदम हात जोडून, एक पाय मागे ताणून 'मासा' होते. लगेच चिसातो वाळूतून डोकावणारी बागईल, म्हणजे सापासारखा एक बारीक मासा, होते. मालिका लोकप्रिय झाली ती या काही सेकंदांमुळे, असं मी शपथेवर सांगेन. खरी बागईल मोठ्या टाकीत शेकड्यांनी आहेत. वाळूत शेपूट रोवून उभी, प्रवाहाकडे तोंड करून डुलणारी, आणि कोणी काचेजवळ गेलं की सर्रकन आत. टाकीसमोर माझ्या शेजारी दोन कॉलेजकुमार उभे होते. एकाने इकडेतिकडे बघून हळूच पाय मागे ताणला, दुसऱ्याने फोटो काढला. मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

याच मत्स्यालयातल्या गप्पांत ताकिना विचारते, मारत का नाहीस? चिसातोचं उत्तर साधारण असं, की दुसऱ्याचा वेळ हिरावून घेतला की मला बरं वाटत नाही, आणि वाईट माणसांमुळे मला तसं वाटावं हे तर अजिबात नको. तत्त्वज्ञान नाही, करुणेचं भाषण नाही, निव्वळ स्वतःच्या मूडची काळजी. मला हे फार खरं वाटलं. आधीच्याच प्रसंगात ताकिनाच्या अंतर्वस्त्रांवरून धमाल झालेली असते आणि भाग संपेस्तोवर भुयारी स्टेशनवर गोळीबार. गोडवा आणि गोळीबार इथे आलटूनपालटून येत नाहीत, एकमेकांत मुरलेले असतात. नेम धरणारी आणि आइस्क्रीमचं पारफे सजवणारी मुलगी एकच, आणि दोन्हीकडे लक्ष तेवढंच.

पेंग्विनही पाहून या. त्यांच्यात कोणाचं कोणावर प्रेम, कोणाचं फाटलं, कोण कोणावर जळतो, याचा तक्ता मत्स्यालय दर वर्षी काढतं. मी तो कादंबरीसारखा वाचला.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन आकिहाबारा, टोक्योतला ॲनिमेवेड्यांचा बाजार. खेळण्यातल्या बंदुकांच्या दुकानात शिरलो आणि मी जागच्या जागी थबकले. भिंतभर रायफली, काचेत पिस्तुलं. चिसातोचं आखूड नळीचं डेटोनिक्सही ओळखू आलं. दिसायला हुबेहूब, पण प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी, आणि त्या छर्र्याची ताकद 0.98 ज्यूलच्या वर जाऊ शकत नाही, असा कायदा. धातूच्या नकली पिस्तुलाला तर पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा, आणि नळी बुजवलेली. खऱ्या बंदुकीवर इतकी कडक बंदी असलेल्या देशात खोट्या बंदुकीचा शौक इतका बारकाईने फुलावा, याचं आधी हसू आलं, मग आलं नाही. मालिकेचा पहिला भाग 2 जुलै 2022ला लागला, दुसरा 9 जुलैला. मधल्या 8 तारखेला नारा शहरात शिंझो आबेंना घरी बनवलेल्या बंदुकीने मारलं गेलं. त्या आठवड्यात 'आपला देश सुरक्षित आहे' हे वाक्य जपानी प्रेक्षकांनी कसं ऐकलं असेल?

भाचीला या कशाशी देणंघेणं नव्हतं. ती दुसरीत आहे, एकटी चालत शाळेत जाते, तिच्या चौकोनी दप्तराला धोका वाटला तर ओढायचा भोंगा लटकतो. "आत्या, मी एकदा ओढला होता," ती अभिमानाने म्हणाली. का? "बघायला." सगळी गल्ली गोळा झाली होती म्हणे.

माझी तक्रार एकच. खलनायक माजिमा विचारतो, ही शांतता कोणाच्या जिवावर आहे ते लोकांना कळायला नको का? प्रश्न रास्त आहे. मालिकेकडे उत्तर नाही, म्हणून ती त्याच्या अंगावर आणखी स्फोट टाकते. शेवटी सगळ्यावर पांघरूण पडतं, संघटना तशीच राहते आणि आपण चिसातो सुखी आहे ना एवढ्यावर समाधान मानतो. मी मानलं. पण पुन्हा बघताना ते खुपतं.

शेवटच्या रात्री दादाच्या टीव्हीवर लावली. भाचीला झोपायला पाठवलं होतं, ती पॅसेजमधून बघत होती आणि आम्ही ते माहीत नसल्याचं नाटक करत होतो. दादा दुसऱ्या भागात घोरायला लागला. वहिनी एका कंपनीत हिशेब बघते. तिला मारामारीत काडीचा रस नव्हता, पण कॅफे तोट्यात चाललंय म्हणून ताकिना वह्या ताब्यात घेते, गोळ्यांची उधळपट्टी बंद करते, तो आठवा भाग लागला आणि ती सरसावून बसली. "ही मुलगी कामाची आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांना जीएसटी भरायला लावा, मग कळेल."