स्कॅनर संगणकाला जोडताना

अमेरिकेत आल्यावर वादळांच्या पहिल्याच मोसमात मी एक रेडिओ स्कॅनर घेतला, म्हणजे एकामागून एक लहरी तपासत जाऊन जिथे बोलणं चालू असेल तिथे थांबणारा रेडिओ. युनिडनचा बीसी१२५एटी, हातात मावणारा. इथली राष्ट्रीय हवामान सेवा १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वाहिन्यांवर चोवीस तास बोलत असते. इशारा द्यायचा असला की आधी १०५० हर्ट्झचा लांब सूर वाजतो. मला तो ऐकायचा होता.

हवामानापाठोपाठ विमानांच्या संभाषणाचाही नाद लागला. या स्कॅनरमध्ये ५०० चॅनल मावतात, दहा बँकांत, म्हणजे गटांत, पन्नास-पन्नास. प्रत्येक चॅनलचं नाव १६ अक्षरांपर्यंत. पण कीपॅडवर एकेक अक्षर दाबत बसायचं, तर तासाभरात जेमतेम एक बँक भरते. म्हणून संगणकावरून यादी भरून देणारं सॉफ्टवेअर घेतलं.

पहिली संध्याकाळ केबलपायी गेली. स्कॅनर चार्ज होत होता, पण संगणकाला दिसत नव्हता. चार्जिंगपुरत्या असलेल्या यूएसबी केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतात, हे तेव्हा लक्षात आलं. केबल बदलली, संगणकाला स्कॅनर ओळखता यावा म्हणून ड्रायव्हर टाकला आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा, म्हणजे त्या जोडणीचा, नंबर उमटला. सॉफ्टवेअरमध्ये नेमका तोच निवडायचा. स्कॅनर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला तर नंबर बदलू शकतो. शिवाय एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात राहतो, त्यामुळे दुसरा कुठला प्रोग्राम उघडा असेल तर तो आधी बंद करा.

जोडणी खरी झाली का, हे पाहायला मी टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, ‘एमडीएल’ ही मॉडेल विचारणारी आज्ञा पाठवली. स्कॅनरने स्वतःचं मॉडेल कळवलं. त्या एका ओळीने फार आनंद झाला!

इथून पुढे घाई नको. आधी ‘रीड’: स्कॅनरमध्ये जे आहे ते संगणकात उतरवून फाइल जपून ठेवा. मगच ‘राइट’, म्हणजे संगणकातली यादी स्कॅनरमध्ये भरणं. या वेळात पडद्यावर ‘रिमोट मोड’ दिसतं, स्कॅनिंग थांबतं, बटणंही चालत नाहीत. काम पुरं होईपर्यंत केबलला हात लावू नका.

यादी भरताना प्रत्येक चॅनलचा मोड, म्हणजे एएम की एफएम, जरूर तपासा. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमधली वैमानिकांची बोलणी एएमवर चालतात. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला पार झाकून टाकतो. एएममध्ये निदान शिट्टीसारखा आवाज येतो आणि कुणीतरी मध्ये बोललं हे विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याला कळतं. मला हे कारण फार आवडलं. बऱ्याच शहरांतले पोलीस मात्र आता पी२५ ही डिजिटल रेडिओ पद्धत वापरतात. ते या अ‍ॅनालॉग स्कॅनरवर ऐकू येणार नाही, सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी.

आणखी एक. स्कॅनरमध्ये साधे अल्कलाइन सेल असतील तर बॅटरीच्या कप्प्यातला छोटा स्विच त्याच खुणेवर आहे ना, ते केबल लावण्याआधी बघा. नाहीतर यूएसबीवरून ते सेल चार्ज व्हायला लागतील, आणि ते धोक्याचं आहे.

माझी पहिली बँक आता हवामान आणि विमानतळाची आहे. दुसरीत अग्निशमन दल भरायला घेतलंय.